मिरजेच्या अण्णांकडचा काळा डर्बी बूट: सव्वादोन वर्षं वापरल्यावर

मी औषध कंपनीत एमआर, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, तेवीस वर्षं झाली. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत एवढा माझा एरिया. या नोकरीत बॅगेच्या खालोखाल झिजतात ते बूट, आणि तेही दोन्ही सारखे झिजत नाहीत. उजवा बिचारा बरा असतो. डाव्याचं नाक मात्र सहा महिन्यांत खरवडून निघतं, कारण बाइकचा गिअर वर घेताना तो लोखंडी दांडा दरवेळी बुटाच्या शेंड्यावर घासतो. त्यातून डॉक्टरांच्या केबिनबाहेर बाकावर बसायचं म्हणजे पाय समोर येतात. पेशंट, कंपाउंडर, रिसेप्शनवरच्या ताई, सगळ्यांना वेळच वेळ असतो. टाय कितीही नीट बांधा, बघणारा बघतो त्या डाव्या नाकाकडेच.

या तेवीस वर्षांत मी किती जोडे फाडले ते मोजलेलं नाही. वर्षाला दीड-दोन धरा. सगळे शोरूममधले, सगळे 'जेन्युइन लेदर' असा सोनेरी शिक्का मारलेले, आणि सगळ्यांचा शेवट एकसारखा: वरचं चामडं अजून चालण्यासारखं असताना सोल जिभेसारखा लोंबायला लागणार.

पण ज्या जोड्यामुळे मी शोरूम सोडली, तो फारसा वापरलेलाही नव्हता. एका मोठ्या ब्रँडचा, त्या वेळचा चार हजारांचा. फक्त मीटिंगला घालायचा म्हणून डब्यात, पातळ कागदात गुंडाळून, आतल्या त्या पांढऱ्या पुडीसकट जपून ठेवलेला. चार वर्षांत फार तर दहा वेळा पायात गेला असेल. २०२२ साली कोल्हापूरच्या एका हॉटेलात आमची झोनल मीटिंग होती. मी स्टेजवर जाऊन टार्गेटचं सर्टिफिकेट घेतलं, फोटो काढला, परत येताना पायाखाली काहीतरी भुसभुशीत लागलं. मागे वळून पाहिलं तर क्रीम रंगाच्या गालिच्यावर माझ्या खुर्चीपासून स्टेजपर्यंत काळे तुकडे. शेळी गेल्यासारखे. उजव्या पायाची टाच जवळपास संपली होती. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलावरून उठलो नाही, आणि निघताना हॉटेलातल्या पोरानं आणून दिलेल्या सेलोटेपनं बूट बांधून एसटी स्टँड गाठला.

कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की वॉरंटी संपली आहे. नंतर कळलं की त्या हलक्या, मऊ सोलचा हा स्वभावच आहे. तो पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्यानं त्यातल्या रासायनिक साखळ्या हळूहळू तुटत जातात, याला हायड्रॉलिसिस म्हणतात. तुम्ही चाला किंवा न चाला, सोल म्हातारा होतच असतो, आणि उष्ण, दमट हवेत लवकर होतो. आपल्याकडचे चार पावसाळे बंद डब्यात काढलेला जोडा बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आतून खारी बिस्किट झालेला असतो. तुमच्या कपाटात लग्नासाठी म्हणून ठेवलेला असा एखादा जोडा असेल तर मांडवात जायच्या आधी घरात अर्धा तास घालून फिरा. नवऱ्यामुलासाठी तर फारच महत्त्वाचं. मेव्हण्यांनी बूट पळवले तर पैसे देऊन सुटतात. सोल गेला तर नवरा अनवाणी वरातीत.

त्या दिवशी मला वडिलांचे बूट आठवले. वडील बँकेत कॅशियर होते. एकच काळा जोडा पंधरा-सोळा वर्षं घालायचे, दोनदा तळ बदललेला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला. चपलांचं कपाट अख्खं पाण्यात. पाणी उतरल्यावर माझे तीनही जोडे उघडे पडलेले होते, डिंक विरघळल्यासारखे. वडिलांचा जोडा चिखलानं भरलेला, पण शिवण होती तशी. आईनं तो धुऊन, आत रद्दी कोंबून, पंधरा दिवस सावलीत वाळवला. मी टाकून द्या म्हणत होतो. हॉटेलच्या त्या प्रकारानंतर आईला विचारलं की हा घेतला कुठं होता, तर म्हणाली, "घेतला कुठला, करून घेतलेला. मिरजेला, लक्ष्मी मार्केटच्या मागल्या अंगाला."

तर हा रिव्ह्यू त्या दुकानाचा. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, पाटी नाही, म्हणून नाव देता येत नाही. सगळे अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या आसपास, सोबत एक भाचा. चपला-बॅगा दुरुस्तीचं काम बाहेरच्या बाजूला, नवे बूट आत. नवीन जोडे महिन्याला दोन, फार तर तीन.

पहिल्या भेटीत मी रुबाबात सांगितलं, "नऊ नंबर." अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जमिनीवर ब्राउन पेपर टाकला आणि मला मोजे काढायला न लावता त्यावर उभं केलं. बसवून नाही, उभं. अंगाचं वजन आलं की पाय पसरतो. पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पायांभोवती रेघ मारली, मग फितीनं पंजाचा घेर, पायाच्या वरच्या उंचवट्याचा घेर, टाचेपासून त्या उंचवट्यापर्यंतचा घेर. आकडे कागदावरच लिहिले, इंचात आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). माझा डावा पाय उजव्यापेक्षा दीड सूत लांब निघाला. सेहेचाळीस वर्षं हा पाय माझा आहे, मला पत्ता नव्हता.

"साहेब, तुम्ही एक नंबर मोठा घालताय. पाय लांब न्हाई तुमचा, रुंद हाय."

हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडलं. आपण बहुतेक जण हेच करतो. लहानपणी शाळेचा 'नॉटी बॉय' घेताना वडील अंगठ्यापुढे दोन बोटं जागा ठेवायला लावत, पुढच्या वर्षीही यावा म्हणून. ती सवय राहिलीच. मोठेपणी बूट पंज्याला आवळतो म्हणून आपण पुढचा नंबर मागतो. आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर. त्यात एक नंबर वाढला म्हणजे लांबी इंचाचा तिसरा भाग वाढते. रुंदीचा त्रास थोडा कमी होतो, पण बूट नको तिथं वाकतो, टाच आत-बाहेर होते आणि शेंडा रिकामा राहून वर वळतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं मध्यंतरी देशभरातल्या लाखभर लोकांचे पाय मोजले, त्यातही आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापं ठरवायची असं घाटत होतं. ती दुकानात येतील तेव्हा येतील, तोवर पंजा सांभाळा. दुकानात उभं राहून बघायचं: बोटं आत हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये, आणि पाऊल वाकवल्यावर घडी बोटांच्या मुळाशी पडली पाहिजे, त्याच्या पुढे नाही. आणि जायचं संध्याकाळी. दिवसभराच्या चालण्यानं पाय फुगतात; सकाळी मापात बसलेला जोडा सात वाजता चावतो.

मी ऑक्सफर्ड मागितला होता. कंपनीतल्या एका साहेबांच्या पायात पाहिलेला, फार देखणा. अण्णांना ते नाव माहीत नव्हतं, फोटो दाखवल्यावर म्हणाले, "हे बंद गळ्याचं. तुम्हाला नको, उघड्या गळ्याचं करू." फरक तेवढाच आणि खरा आहे. ऑक्सफर्डमध्ये नाडीची भोकं असलेल्या दोन्ही पट्ट्या पुढच्या चामड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे तो फार पसरत नाही. उघड्या गळ्याच्या, म्हणजे डर्बीत त्या पट्ट्या वरून शिवतात, मोकळ्या उघडतात. माझ्यासारखा पायाचा उंचवटा जास्त असेल तर ऑक्सफर्डची नाडी वितभर फाकलेली राहते आणि सगळा देखणेपणा तिथंच संपतो. सूटवर ऑक्सफर्ड शोभतो हे खरं, पण जतच्या रस्त्यावर मे महिन्यात सूट घालतंय कोण. नाडीची भोकं पाचच घेतली.

आता कामाबद्दल. मी दोन शनिवार मुद्दाम जाऊन बसलो, कारण ऑनलाइन 'गुडइयर वेल्टेड' म्हणून बारा-पंधरा हजारांचे जोडे पाहिले होते आणि हे काय प्रकरण आहे ते बघायचं होतं. हे नाव यंत्राचं आहे. रबराचं व्हल्कनायझेशन, म्हणजे गंधक घालून तापवून रबर टिकाऊ करायची रीत, शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयरच्या मुलानं १८७०च्या दशकात ते पुढं आणलं. (टायरवाल्या कंपनीनं त्या बापाचं नुसतं नाव घेतलं. तो वारला १८६० साली, कंपनी निघाली १८९८ला.) यंत्र यायच्या आधी जे हातानं करत, तेच अण्णा अजून हातानं करतात.

आधी लाकडी फरमा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा. माझ्या अंगठ्याजवळ हाड थोडं बाहेर आहे, तिथं त्यांनी फरम्यावर चामड्याचे दोन चतकोर चिकटवले आणि रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या सुरीनं, कडा अशा तासल्या की हात फिरवला तरी जोड कळेना. मग वरचं चामडं पाण्याचा हात लावून फरम्यावर ओढलं आणि खिळ्यांनी बसवलं. सगळा जीव आहे तो पुढच्या टप्प्यात. बोटभर रुंदीची चामड्याची एक लांब पट्टी, म्हणजे वेल्ट, बुटाच्या कडेनं फिरवून आतल्या तळाला आणि वरच्या चामड्याला एकत्र शिवायची. मेण आणि राळ लावलेला एकच दोरा, त्याची दोन टोकं. आरीनं भोक पाडलं की एक टोक या बाजूनं, दुसरं त्या बाजूनं, त्याच भोकातून. मग दोन्ही हात छातीपासून बाहेर झटकून ओढायचे. प्रत्येक टाक्याला तो 'फट' असा आवाज येतो. असं शिवल्यावर एक टाका तुटला तरी शेजारचे जागचे हलत नाहीत. मधल्या पोकळीत बुचाचा चुरा भरला, आणि खालचा सोल वेल्टला वेगळ्या शिवणीनं जोडला. म्हणजे सोल झिजला की फक्त बाहेरची शिवण उसवायची. वरचा बूट जसाच्या तसा. शोरूममधल्या बहुतेक बुटांत या सगळ्याच्या जागी चिकटवणं असतं.

गिअरचा प्रश्न मी सांगितला तेव्हा अण्णा माझी बाइक बघायला बाहेर आले. दांड्यावर बोट फिरवलं. मग पुढच्या नाकावर चामड्याचा आणखी एक थर, आडवी शिवण देऊन. दोन्ही बुटांना, म्हणजे ते डिझाइनच वाटतं. वरून मला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दिला, गिअरच्या दांड्यावर चढवायला. सव्वादोन वर्षांत डाव्या नाकावर एक केसाएवढी रेघ आहे, ती पॉलिशखाली जाते. माझ्यासाठी अख्ख्या जोड्याचे पैसे इथंच वसूल.

पैसे: ५,८००. निम्मे आधी.

तक्रारी आहेत, आणि लहान नाहीत. 'वीस दिवसांत देतो' म्हणाले, मिळाले सत्तेचाळीसाव्या दिवशी. मध्ये भाच्याचं लग्न झालं, मग यात्रा आली. फोन उचलत नाहीत. बिल नाही. जोडा जड आहे. घरच्या काट्यावर एक बूट ५४० ग्रॅम भरला. पहिले दोन आठवडे टाचेला फोड आले, मी बँडेड लावून फिरलो आणि मनातल्या मनात अण्णांना शिव्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात बुचाच्या थरावर माझ्या पायाचा ठसा बसला आणि तेव्हापासून मी विसरलो की पायात काही आहे. पण ते दोन आठवडे कुणी सांगितले नव्हते. त्यांनी सांगायला हवे होते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. सोल निव्वळ चामड्याचा होता, आणि हॉस्पिटलच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर तो साबणासारखा सरकतो. जिन्यात एकदा तीन पायऱ्या बसून उतरलो, सॅम्पलची बॅग माझ्या आधी खाली. अण्णांकडे गेलो तर त्यांनी पंज्याखाली पातळ रबर लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. तुम्ही करून घेणार असाल तर हे रबर पहिल्या दिवशीच मागा. त्यानं तळाला पावसाचं पाणीही कमी लागतं.

तिसरी, उजवा बूट करकरायचा. शांत वेटिंग रूममध्ये प्रत्येक पावलाला कर्र, कर्र. अण्णा हसायलाच लागले. "कोल्हापुरात लोक वहाणंला पैसं देऊन करकर बसवून घेत्यात, आणि तुम्ही काढाय आलाय व्हय?" मग आतलं अस्तर उचलून टाल्कम पावडर भुरभुरली. आवाज गेला. पावसाळ्यानंतर परत आला, परत पावडर.

निगा हा भाग मी आधी कंटाळून वाचायचो, आता स्वतःच लिहितोय. रोज संध्याकाळी घोड्याच्या केसांच्या ब्रशनं एक मिनिट धूळ झटकायची. एवढं केलं तरी अर्धं काम झालं, कारण आमच्याकडची धूळ घडीत बसली की वाळूच्या कागदासारखी चामडं कापते. लागोपाठ दोन दिवस तोच जोडा घालत नाही. पायाच्या घामाला सुकायला एक रात्र पुरत नाही. मधल्या दिवशी जुना रेडीमेड. उतरवताना नाडी सोडायची. माझा मुलगा टाचेवर टाच देऊन बूट काढतो, त्याच्या बुटांची मागची भिंत बघा म्हणजे कळेल. घालताना शूहॉर्न, तो वीस रुपयांचा प्लॅस्टिकचा पुरतो. आकार राहावा म्हणून बुटात ठेवायचे, बाहेरून मागवलेले देवदाराचे फरमे चांगले असतात, मी घेतलेले नाहीत. रद्दीचे बोळे चालतात, फक्त पावसात भिजल्यावर ते दोन-तीन तासांनी बदलायचे. आणि वाळवायचं सावलीत, पंख्याखाली. बाइकच्या सायलेन्सरवर बूट वाळवणारा एक सहकारी मला माहीत आहे. त्याचं चामडं पापडासारखं तडकलं.

पॉलिशमध्ये दोन वस्तू वेगळ्या आहेत हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. क्रीम चामड्याला तेल आणि रंग देतं, डबीतलं घट्ट मेण चकाकी आणि थोडं पाणीरोधक कवच देतं. नुसतं मेणच वर्षानुवर्षं थापलं तर घडीत पांढुरक्या भेगा दिसतात. मी महिन्यातून एकदा क्रीम लावतो, रात्रभर ठेवतो, सकाळी ब्रश. मेण आठवड्याला, तेही थोडंच. डबी चेरी ब्लॉसमची किंवा किवीची, जी मिळेल ती. यात मला फरक कळलेला नाही. स्पंजवालं लिक्विड पॉलिश मात्र मी घरातून हद्दपार केलं. पाच मिनिटं झकास दिसतं, मग त्याचा पापुद्रा धरतो, आणि बूट वाकेल तिथं तो फुटतो.

नाकावरची आरशासारखी चमक मात्र एनसीसीची देणगी. बोटाला घट्ट फडकं गुंडाळायचं, मेणाचा नखाएवढा कण, पाण्याचा एक थेंब, आणि छोटे छोटे गोल. पुन्हा कण, पुन्हा थेंब. वीस मिनिटांनी ट्यूबलाइट त्यात दिसायला लागते. हे फक्त नाकावर आणि टाचेवर करायचं, घडीच्या जागी केलं तर मेण तडकतं. रविवारी सकाळी रेडिओ लावून मी हे करतो. बायको म्हणते घरच्या देवांना एवढं घासत नाहीस.

पावसाळ्यात बुरशी येतेच. पांढरे ठिपके दिसले की गॅलरीत नेऊन कोरड्या फडक्यानं पुसायचे, मग निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर, घट्ट पिळलेल्या फडक्यानं एक हात, सावलीत वाळवून क्रीम. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. बुरशीला तेच हवं असतं.

गेल्या दिवाळीआधी सोल बदलून घेतला. खरं तर मला या रिव्ह्यूसाठी त्याचीच वाट बघायची होती, नाहीतर 'सोल बदलता येतो' हे नुसतं ऐकून लिहिलं असतं. १,४०० रुपये आणि नऊ दिवस. या वेळी तारीख पाळली. बाहेरची शिवण उसवली, वेल्ट शाबूत होती, बुचाचा चुरा थोडा बदलला, नवा सोल, नवी टाच. टाचेच्या मागच्या कडेला नाल मारू का विचारलं. मी नको म्हटलं, फरशीवर घोडा आल्यासारखं वाजतं. पायात घातला तर तोच जुना, ओळखीचा बूट. पुन्हा फोड नाहीत. हिशेब सांगायचा तर सव्वादोन वर्षांत ७,२००, आणि वरचं चामडं अजून चार-पाच वर्षं सहज जाईल असं मला वाटतं. या सव्वादोन वर्षांतच माझे शोरूमचे चार जोडे झाले असते.

वडिलांचा जोडाही एकदा नेला होता. अण्णांनी तो उलटा केला, टाचेजवळची शिवण अंगठ्यानं चाचपली, दोनदा. "ह्ये माझं न्हाई. आमच्या दादांचं." एवढंच म्हणाले आणि परत माझ्या हातात दिला. तो मला एक नंबर लहान होतो. पॉलिश करून ठेवला आहे.

जाणार असाल तर: सोमवारी बंद. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, चहा झालेला नसतो. नेहमी घालता ते मोजे घालून जा, त्यावरच माप घेतात. पहिला जोडा काळाच करा, ब्राउन नंतर. तो मी आता सांगितला आहे, तांबूस ब्राउन, साधा, नाकावर जोड नसलेला. अण्णा म्हणाले गणपतीनंतर देतो. घरगुती की एकवीस दिवसांचा, ते विचारायचं राहिलं.